डोक्याला पट्टा बांधताना सही कशावर करता?

एकाग्रता वाढवा, ताण मोजा, झोप सुधारा. पूर्वी ही आश्वासनं चूर्णाच्या डब्यांवर छापलेली असायची. आता ती कपाळावर बांधायच्या एका पट्ट्याच्या जाहिरातीत दिसतात. पट्टा मेंदूतले विजेचे संकेत टिपतो, फोनला पाठवतो आणि फोन सांगतो की आज तुमचं लक्ष शंभरापैकी इतकं होतं. ज्या घरात पोरगं ‘नीट’ नाहीतर ‘सीईटी’ परीक्षेच्या तयारीला लागलंय तिथं ही जाहिरात पोचली की आई-बाप आधी किंमत बघतात, मग गुण बघतात. टिपलेले संकेत पुढे कुणाकडे जातात, हे विचारायचं राहून जातं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या विषयावर दोन बातम्या एकाच महिन्यात आल्या. समरकंदला भरलेल्या युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने मेंदूशी जोडणाऱ्या तंत्रज्ञानाने कोणती नैतिक पथ्यं पाळावीत यावरची शिफारस मंजूर केली. आणि दिल्लीत केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम जाहीर केले. दोन्ही बातम्या रुक्ष. पण त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या साध्या गिऱ्हाइकाच्या कामाचं त्यात बरंच काही सापडतं. काही तर खास सीमाभागातल्या माणसाच्या कामाचं.

आधी यंत्र काय करतं ते बघू

मेंदूतल्या पेशींचं आपापसातलं बोलणं विजेच्या बारीक स्पंदनांतून चालतं. खूप साऱ्या पेशी एका तालात आल्या की त्या विजेचा अंश कवटीबाहेर, डोक्याच्या कातडीवरही पकडता येतो. तो इतका क्षीण असतो की मोजायला व्होल्टचा दहा लाखावा भाग हे माप घ्यावं लागतं. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून हा संकेत पहिल्यांदा नोंदवला. त्या नोंदीला ईईजी म्हणतात. फिट येणाऱ्या रुग्णाच्या डोक्याला वायरी चिकटवून दवाखान्यात कागदावर नागमोडी रेघा काढतात, ती हीच तपासणी.

असे संकेत उचलून त्यांचा अर्थ संगणकाला लावायला देणारी जोडणी म्हणजे मेंदू-संगणक दुवा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला बीसीआय म्हणतात. तिच्यात दोन जाती आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची नेहमी सरमिसळ होते.

पहिली जात कवटी उघडून आत बसवायची. इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसवलेल्या यंत्रात १०२४ इलेक्ट्रोड आहेत, म्हणजे संकेत टिपणारी टोकं. हातपाय न हलवू शकणारा माणूस त्याच्या जोरावर पडद्यावरचा बाण नुसत्या विचाराने फिरवतो. हे काम अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या परवानगीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाललेलं आहे.

दुसरी जात बाहेरून घालायची. पट्टे, टोप्या, हेडफोन. मनगटाच्या स्नायूंतले विद्युत संकेत टिपून चष्म्याला आज्ञा देणारं मेटा कंपनीचं कडंही २०२५ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं. अशी बरीच उपकरणं ‘आरोग्यपूर्ण जीवनशैली’च्या नावाखाली विकली जातात, त्यामुळे वैद्यकीय उपकरणाला लागणारे कडक नियम त्यांना लागत नाहीत. ऑपरेशन नाही, डॉक्टर नाही, फक्त ‘मला मान्य आहे’ असं लिहिलेलं एक बटण. हा लेख या दुसऱ्या जातीबद्दल आहे.

मग पट्टा आपलं मन वाचतो का?

नाही. ‘मन वाचणारं यंत्र’ हे शब्द ज्या मथळ्यात दिसतील त्याकडे जरा संशयानेच बघावं.

बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या गल्लीतून दुपारी चालत जा. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खटखटाट चालू असतो. बाहेर उभं राहून कळतं की माग चालू आहेत, एखादा थांबला, लाईट गेली. पण मागावर साडी कोणत्या रंगाची आहे आणि पदर कसला आहे, हे आवाजावरून कळत नाही. कवटीबाहेरच्या पट्ट्याला मेंदू असाच ऐकू येतो. जागा आहात की पेंगताय, डोळे मिटलेत की उघडे, झोप गाढ आहे की उथळ, एवढं त्याला बऱ्यापैकी कळतं. तुम्ही कुणाबद्दल काय विचार करताय, ते नाही. भरीला बाहेरचा गोंगाटही असतोच. डोळ्याची पापणी लवली, दात आवळले, तरी त्या स्नायूंचा संकेत मेंदूच्या संकेतापेक्षा मोठा निघतो. तोंडात सुपारी चघळत ‘एकाग्रता’ मोजून घेणाऱ्याला कोणता आकडा मिळेल त्याचा भरवसा नाही.

विचारांच्या जवळ पोचलेले प्रयोग झालेत, पण ते वेगळ्या यंत्रांवर. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की माणूस ऐकत असलेल्या गोष्टीचा सारांश मेंदूच्या स्कॅनवरून शब्दांत मांडता येतो. त्यासाठी स्वयंसेवकाला खोलीभर मोठ्या एमआरआय यंत्रात सुमारे १६ तास पडून गोष्टी ऐकाव्या लागल्या. एकाच्या मेंदूवर शिकवलेली प्रणाली दुसऱ्यावर चालली नाही. आणि माणसाने मुद्दाम दुसरंच काही मनात आणलं तर तीही फसली. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडवरून मनातल्या मनात बोललेले शब्द काही प्रमाणात ओळखले. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. माणसाने ठरलेला परवलीचा शब्द मनात म्हटल्याशिवाय यंत्राने मनातलं काही उचलायचंच नाही, अशी सोयही त्यांनी करून पाहिली. खाजगीपणाचा विचार यंत्राच्या पोटातच घालता येतो, तो नंतर कागदावर चिकटवायची गरज नसते, याचा हा चांगला पुरावा.

मन वाचत नाही, तर भ्यायचं कशाला?

परत त्या गल्लीत चला. एकदा येऊन गेलेल्या वाटसरूला खटखटाटातून फारसं काही कळत नाही. पण एखाद्याने वर्षभर रोज भिंतीला कान लावला आणि मिनिटामिनिटाची नोंद वहीत केली तर? कोणत्या घरातली मागणी मंदावली, कुठे रात्रपाळी सुरू झाली, कुठला माग दुपारनंतर नेमाने बंद पडतो, म्हणजे चालवणाऱ्याची तब्येत बरी नाही, हे सगळं त्याला एकही साडी न बघता कळेल. ती वही त्याने सुताच्या व्यापाऱ्याला विकली, तर उद्या सुताचा भाव बोलताना विणकराची बाजू आधीच उघडी पडलेली असेल.

पट्ट्याच्या बाबतीत धोका असतो तो या वहीचा. कंपनीच्या सर्व्हरवर तीन थर साठतात. तळाला कच्चा संकेत, म्हणजे मूळ नागमोडी रेघ. त्यावर त्यातून काढलेली मोजमापं. आणि सगळ्यात वर अनुमान: ‘लक्ष ७२’, ‘ताण जास्त’. आपल्याला फोनवर वरचा थर दिसतो आणि आपण त्यालाच माहिती समजतो. खरा माल तळाशी आहे. आज त्यातून जे निघत नाही ते पाच वर्षांनी अधिक हुशार प्रणालीला काढता येईल, कारण रेघ तीच राहते, वाचणारा बदलतो. बँकेचा पिन चोरीला गेला तर बदलता येतो. मेंदू बदलून मिळत नाही.

आणि ‘आज निघत नाही’ हेही पुरतं खरं नाही. ओळखीची किंवा आपल्या लेखी महत्त्वाची वस्तू समोर आली की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या संकेतात एक उंचवटा येतो, माणसाने चेहरा कितीही कोरा ठेवला तरी. २०१२ मध्ये संशोधकांनी बाजारात मिळणारा गेमिंगचा हेडसेट घालायला लावून लोकांना बँकांची कार्डं, आकडे, चेहरे, नकाशे दाखवले. या उंचवट्यावरून कुणाची बँक कोणती, पिनचा पहिला आकडा कोणता, राहण्याचा भाग कुठला, याबाबतची अनिश्चितता सुमारे १५ ते ४० टक्क्यांनी कमी झाली. पूर्ण पिन कुणी वाचला नाही, हे लक्षात घ्या. पण तेव्हाचं यंत्र खेळण्यातलं होतं, आणि त्या गोष्टीला आता दशकाहून अधिक काळ लोटला.

‘माझ्या डोक्यात लपवण्यासारखं आहे तरी काय?’

हा आक्षेप नेहमीचा आणि प्रामाणिक आहे. बहुतेकांच्या डोक्यात घरचा हिशोब, पोरांची फी आणि गॅस सिलिंडरची तारीख असते. पण लपवणं आणि खाजगी ठेवणं या गोष्टी वेगळ्या. एक उदाहरण देतो.

फिट येणाऱ्या माणसाचा विषय आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत कसा हाताळला जातो ते सगळ्यांना माहीत आहे. हिंदू विवाह कायद्यातच फिटचे वारंवार झटके येत असणं हे लग्न रद्द ठरवून घेण्याचं एक कारण होतं. ते १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकलं. कायद्यातून गेलं, समाजाच्या मनातून पुरतं गेलं नाही. आता ईईजी ही फिटच्या निदानाचीच तपासणी. घरगुती पट्टा निदान करत नाही, करूही नये. पण त्याने महिनोन्महिने साठवलेल्या कच्च्या रेघांमध्ये एखाद्याच्या मेंदूतल्या विस्कळीत तालाची खूण असू शकते, खुद्द त्या माणसाला तिचा पत्ता नसताना. आपल्याबद्दल आपल्यालाच माहीत नसलेली गोष्ट आधी विमा कंपनीला कळावी, नाहीतर भरतीच्या कार्यालयाला, हे कुणाला आवडेल? मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे धावायला उतरणाऱ्या पोराला विचारून बघा.

उलट बाजूही तितकीच वाईट आहे. आकडा चुकीचा निघाला तर? पापणी जास्त लवते म्हणून ‘लक्ष नसलेला’ असा शिक्का बसला, तर तो पुसायला कुठे जायचं? खरी माहिती बाहेर फुटणं हा एक जाच आणि खोटी माहिती खरी म्हणून चिकटणं हा दुसरा. दुसऱ्याबद्दल फार कमी बोललं जातं.

चिलीच्या माजी खासदाराने काय केलं

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने २०२१ मध्ये थेट राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूची क्रिया आणि तिच्यातून मिळणारी माहिती यांना संरक्षण दिलं. असं करणारा तो जगातला पहिला देश. या दुरुस्तीसाठी झटलेले माजी सिनेटर गिदो खिरार्दी यांनी पुढे स्वतःच अमेरिकेतल्या इमोटिव्ह कंपनीचं इनसाइट नावाचं डोक्यावर घालायचं उपकरण घेतलं, वापरलं आणि कंपनीला कोर्टात खेचलं.

तक्रार ऐकण्यासारखी आहे. नोंदी कंपनीच्या क्लाउडवर होत्या. पैसे भरून परवाना घेतल्याशिवाय खिरार्दींना स्वतःच्याच मेंदूच्या नोंदी काढून घेता येत नव्हत्या. आणि खातं बंद केलं तरी नाव काढून टाकलेली माहिती संशोधनासाठी कंपनीकडे राहणार होती. कंपनीचं म्हणणं, ग्राहकाने अटी मान्य केल्या होत्या आणि नाव काढलं की ती त्याची माहिती उरत नाही. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते मानलं नाही. खिरार्दींची माहिती पुसून टाकायचा आदेश दिला. ग्राहक म्हणून घेतलेल्या उपकरणातला डेटा संशोधनाला वापरायचा तर त्या संशोधनासाठी वेगळी, स्पष्ट संमती लागते, हा त्या निकालाचा गाभा.

हा एकाच कंपनीचा दोष मानू नये. न्यूरोराइट्स फाउंडेशन या संस्थेने २०२४ मध्ये अशी उपकरणं विकणाऱ्या ३० कंपन्यांच्या अटी वाचून काढल्या. त्यांपैकी २९ कंपन्यांना ग्राहकाच्या मेंदूची माहिती मिळवायला अर्थपूर्ण अशी मर्यादाच नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी आपल्या गोपनीयता कायद्यांत मेंदूची आणि नसांची माहिती ‘संवेदनशील’ या वर्गात घातली.

आणि ते ‘नाव काढून टाकलं’ प्रकरण? ईईजीचा साचा माणसामाणसात वेगळा असतो, इतका की त्याचा ओळख पटवायला उपयोग करण्यावर संशोधन चालू आहे. ज्या रेघेवरून माणूस ओळखू येऊ शकतो तिच्या वरचं नाव खोडल्याने किती फरक पडतो, हे वाचकांनीच ठरवावं.

वर्गात आणि कारखान्यात

स्वतः विकत घेतलेल्या पट्ट्याला निदान ‘नको’ म्हणता येतं. दुसऱ्याने डोक्यावर चढवलेल्या पट्ट्याचं काय?

२०१९ मध्ये चीनच्या चच्यांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला असे पट्टे बांधले गेले. कुणाचं लक्ष आहे, कुणाचं नाही, हे पट्ट्यावरच्या दिव्याच्या रंगावरून गुरुजींना दिसायचं आणि आकडे पालकांपर्यंत जायचे. चित्रफीत बाहेर आली, चिनी लोकच खवळले, प्रयोग थांबवावा लागला. कामाच्या ठिकाणचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. तिथल्या खाणींमध्ये अवजड ट्रक चालवणाऱ्यांसाठी स्मार्टकॅप नावाची टोपी निघाली, जी ईईजीवरून चालकाला झोप येतेय का ते सांगते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर रात्री गाडी चालवलेला कुणीही सांगेल की ही टोपी वाईट नाही, तिने जीव वाचू शकतात. पण ‘आत्ता झोप येतेय, गाडी बाजूला घ्या’ असं चालकाला सांगणं निराळं, आणि त्याची तीन महिन्यांची पेंग मालकाच्या संगणकावर साठवून पगारवाढीच्या वेळी बाहेर काढणं निराळं. उपकरण एकच, वही कुणाकडे राहते एवढाच फरक. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीने उद्या अशी टोपी आणली, तर कामगार संघटनेने पहिली मागणी पैशाची न करता या वहीची करावी असं मला वाटतं.

आपला कायदा कुठवर येतो?

सर्वोच्च न्यायालय आणि कर्नाटक हे दोन शब्द एकत्र आले की बेळगावकराला एकच खटला आठवतो, सीमाप्रश्नाचा, २००४ पासूनचा. हा तो नव्हे. हा सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, निकाल ५ मे २०१०. नार्को चाचणी, लाय डिटेक्टर आणि मेंदूच्या विद्युत संकेतांवरून केलेली चाचणी आरोपीवर त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असं न्यायालयाने त्यात सांगितलं. माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि मेंदूकडून जबरदस्तीने काढलेली माहितीही त्यातच येते, हा त्यामागचा विचार. मेंदूच्या खाजगीपणाबद्दल भारतीय न्यायालय इतक्या लवकर बोललंय हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्कच ठरवला.

पण सेल्वीचं कवच पोलिसांपुढे चालतं. पट्टा विकणारी कंपनी पोलीस नाही, आणि बटण दाबून आपण संमती आधीच दिलेली असते. तिथे लागू होतो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती सगळी या कायद्यात बसते, म्हणजे मेंदूची नोंदही बसते. कंपनी परदेशातली असली तरी भारतातल्या लोकांना वस्तू किंवा सेवा देत असेल तर तिलाही तो लागू आहे. संमती कशासाठी ते नेमकं सांगून घ्यावी लागते, ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं असावं लागतं, माहिती पुसायला सांगता येते. सुरक्षेत हलगर्जी केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. यातल्या मुख्य तरतुदी लगेच लागू झाल्या नाहीत. नियम निघाले तेव्हा त्यांना १८ महिन्यांची मुदत दिली गेली, म्हणजे मे २०२७.

आता उणिवा. २०११ च्या जुन्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ‘संवेदनशील’ माहितीचा वेगळा वर्ग होता, त्यात मानसिक आरोग्य आणि शरीरावरून पटणारी ओळख या गोष्टी होत्या. नव्या कायद्यात असा वर्गच नाही. तुमचा फोन नंबर आणि तुमच्या मेंदूची रेघ, दोन्ही एकाच मापाने मोजले जातात. दुसरं, नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी काही बाबतीत कामगाराची माहिती संमतीशिवायही वापरायची मुभा आहे. वरच्या टोपीचा विषय नेमका या फटीत जाऊन पडू शकतो.

तिसरी फट पालकांनी दोनदा वाचावी. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला आई-वडिलांची खात्रीलायक संमती लागते आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला या कायद्यात मनाई आहे. चांगली गोष्ट. पण नियमांनी शिक्षण संस्थांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी यातून सूट दिली आहे, आणि शिक्षण संस्थेची व्याख्या ऐसपैस आहे. एखाद्या क्लासने उद्या ‘लक्ष मोजतो ते शैक्षणिक कामच’ असा दावा केला, तर तो खोडायला वकील लागेल. तेव्हा क्लासच्या प्रवेश अर्जावर सही करताना बारीक अक्षरांत पट्टा, सेन्सर, ‘अटेन्शन अ‍ॅनालिटिक्स’ असं काही दिसतंय का ते बघा.

संमतीचा कागद मराठीत मागा

माझ्या मते सीमाभागाच्या दृष्टीने या कायद्यातली सगळ्यात मोलाची ओळ हीच. माहिती घेण्याआधी द्यायची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी आहे, कन्नडही आहे. यात राज्याची भाषा कोणती, तुमच्या गावात किती टक्के मराठी, असा कसलाही हिशोब नाही. निवड माणसाची.

परिपत्रकं मराठीतून मिळावीत म्हणून आपल्याकडे किती मोर्चे निघाले, किती निवेदनं कलेक्टर कचेरीत पडून राहिली, ते सांगायला नको. तिथे सरकारशी भांडण होतं आणि टक्केवारीचा वाद होता. इथे हक्क कायद्यातच लिहिलेला आहे आणि देणं लागते ती कंपनी. तो कुणी मागितलाच नाही, तर कंपन्या इंग्रजी आणि फार तर हिंदीवर भागवतील. ‘आम्हाला इंग्रजी येतं की’ असं म्हणणारे तरुण असतात. त्यांना येतं, मान्य. पण वीस पानांचा वकिली इंग्रजी मजकूर वाचून ‘तुमची माहिती संलग्न संस्थांशी वाटून घेतली जाऊ शकते’ या वाक्याचा अर्थ ‘विकली जाऊ शकते’ असा होतो, हे घरातल्या आजीलाही कळायला हवं. पट्टा झोपेसाठी तिच्याच डोक्यावर बांधणार असाल तर आणखीच.

मग घ्यायचंच नाही का?

घ्या की. लकवा झालेल्या माणसाला बोलतं करायची ताकद या शास्त्रात आहे. घरगुती पट्ट्यांनी ध्यानाला, झोपेच्या सवयीला मदत झाल्याचं सांगणारे लोकही आहेत. मला राग यंत्राचा नाही.

फक्त पैसे देण्याआधी विक्रेत्याला किंवा कंपनीच्या मदत विभागाला लिहून विचारा: कच्चा संकेत फोनमध्येच राहतो की तुमच्या सर्व्हरवर जातो? एवढा एकच प्रश्न विचारायचा झाला तरी हा विचारा. फोनमध्येच राहत असेल तर निम्मी चिंता मिटली. सर्व्हरवर जात असेल तर किती दिवस राहतो, खातं बंद केल्यावर पुसला जातो का, संशोधनासाठी वेगळी संमती विचारता का, हे पुढचे प्रश्न. ‘आम्ही गोपनीयतेचा आदर करतो’ एवढंच उत्तर आलं, तर ते उत्तर नव्हे. खातं उघडताना खरं नाव, आधारशी जोडलेला नंबर द्यायची सहसा गरज नसते. अ‍ॅप फोनमधले संपर्क मागत असेल तर नाही म्हणा. झोप मोजायला तुमच्या मावशीचा नंबर कशाला लागतो?

आणि फसवणूक झालीच तर मे २०२७ ची वाट बघत बसायचं कारण नाही. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना तिसऱ्याला देणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. तक्रार कंपनी जिथली तिथे जाऊन करावी लागत नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे खानापूर-निपाणीच्या माणसाला बेळगाव. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी नुसता सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.